डिस्कवाला पीएस ५ घ्यावा की डिजिटल?

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळच्या एका ताईंना मुलांसाठी पीएस ५ (सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून गेम खेळायचे मशीन) घ्यायचा आहे. मुलगी बारावी होऊन इंजिनिअरिंगसाठी पुण्यात हॉस्टेलवर जाणार आहे, धाकटा आठवीत आहे आणि घरीच असेल. दुकानदार म्हणाला, "डिस्कचा जमाना गेला, डिजिटल घ्या, काही हजार वाचतील." घरी फायबर आहे. तेव्हा पैसे वाचवावेत की डिस्कवालाच घ्यावा?

ताई, डिस्कवाला घ्या.

मी पुण्यात नव्या-जुन्या गेमची खरेदी-विक्री करतो आणि कन्सोल दुरुस्त करतो. माझे पोट बऱ्याच अंशी डिस्कवर चालते, हे लक्षात ठेवूनच माझे म्हणणे वाचा. पण डिस्कवाला घ्या याचा अर्थ सगळे गेम डिस्कवर घ्या असा नाही. काही गेम तुम्ही डिजिटलच घ्यावेत असे खाली मीच सांगणार आहे. ड्राइव्ह, म्हणजे डिस्क घालायची सोय, असलेल्या मशीनवर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. डिजिटल एडिशनमध्ये ड्राइव्ह नसतो, गेम नेटवरूनच उतरवायचे; म्हणून एकच दुकान उरते, सोनीचे ऑनलाइन प्लेस्टेशन स्टोअर, आणि तिथे घासाघीस करायला दुसरा दुकानदार नाही.

आधी पैशांचे बघू, कारण दुकानदाराने तुम्हाला तिथेच धरले आहे. स्लिम, म्हणजे नंतरचा बारीक पीएस ५ आपल्याकडे एप्रिल २०२४ मध्ये आला तेव्हा डिस्कवाला ५४,९९० रुपयांना होता आणि डिजिटल ४४,९९० ला. म्हणजे फरक दहा हजारांचा. आजचा फरक दुकानात विचाराच, पण हिशोबाला हाच धरू. समजा एक नवा मोठा गेम ४,९९९ रुपयांना डिस्कवर घेतला. गोष्टीचा गेम आहे, पंचवीस-तीस तासांत संपतो. सुट्टी असेल तर पोरं तो दोन आठवड्यांत उडवतात. संपल्या संपल्या विकला आणि ३,००० आले, तर तो गेम तुम्हाला दोन हजारांत पडला. तोच स्टोअरवरून घेतला असता तर ४,९९९ गेले ते गेलेच. अशा चार गेममध्ये दहा हजारांचा फरक भरून निघतो आणि वर दोन हजार उरतात. वापरलेली डिस्क घेतली तर आणखी स्वस्त पडते.

या हिशोबात एक अट आहे, ती म्हणजे वेळेत विकायचे. गेम संपला की डिस्क कपाटात ठेवून "बघू नंतर" म्हणणारे फार असतात. स्टोअरवर त्या गेमचा पहिला मोठा सेल लागला की जुन्या डिस्कचा भाव त्याच आठवड्यात पडतो. खेळांचे वार्षिक गेम त्याहून वाईट. फुटबॉलचा नवा भाग दर वर्षी सप्टेंबरच्या आसपास येतो, आणि त्यानंतर आधीच्या वर्षाची डिस्क कोणी फुकट दिली तरी मी ती ठेवायला जागा शोधत बसतो. गोष्टीच्या गेमचा भाव तुलनेने सावकाश उतरतो.

यावरून माझा साधा नियम ठरला आहे आणि गिऱ्हाइकाला मी तोच सांगतो: जो गेम संपतो तो डिस्कवर घ्या, जो संपत नाही तो डिजिटल घ्या. फुटबॉल, क्रिकेट, ऑनलाइन गोळीबाराचे गेम रोज रात्री अर्धा तास चालू असतात. ते विकायचा प्रश्नच येत नाही, मग दर वेळी उठून डिस्क बदलायचा त्रास कशाला? शिवाय अशा गेमच्या डिस्कवर बऱ्याचदा काही नसतेच. २०२२ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' ची पीएस ५ ची डिस्क लोकांनी उघडून पाहिली, तर तिच्यावर सत्तरेक एमबीच निघाले. बाकीचा सगळा गेम नेटवरून उतरवायचा. अशी डिस्क म्हणजे नुसती किल्ली असते.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो घेऊन रोज कोणी ना कोणी येते: "डिस्क घेतली की मशीनमध्ये जागा कमी लागेल ना?" लागत नाही. पीएस ५ वर डिस्कवरचा गेमही आधी पूर्ण मशीनच्या आतल्या साठवणीवर (एसएसडीवर) उतरतो आणि तिथूनच चालतो. डिस्क आत असावी लागते ती फक्त गेम तुमचा आहे हे दाखवायला. तेव्हा जागेच्या नावाखाली डिस्क घेऊ नका. डाउनलोडचा वेळ मात्र वाचतो. शंभर जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या नेटवर उतरायला साडेपाच तास लागतात, तेही नेट पूर्ण वेगाने आणि एकदाही न तुटता चालले तर. तुमच्याकडे फायबर आहे, तुम्हाला एवढे जाणवणार नाही. ज्यांच्या घरी मोबाइलचा हॉटस्पॉट हेच नेट, त्यांनी डिजिटलचा विचारही करू नये.

आता दुकानदाराचे वाक्य. डिस्कचा जमाना गेला का? विक्रीपुरते त्याचे खरे आहे. सोनीच्या स्वतःच्या आकडेवारीत पूर्ण गेमच्या विक्रीतला डाउनलोडचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर गेलेला आहे. पीएस ५ प्रो हे तर ड्राइव्हशिवायच आलेले मशीन. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एस मध्ये ड्राइव्ह नाही आणि नंतर लावायची सोयही नाही. 'अ‍ॅलन वेक २' हा गेम ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तो फक्त डिजिटल. डिस्क यायला पुढचे वर्ष उजाडावे लागले. वारे कुठल्या दिशेने आहे ते स्पष्ट दिसते. पण २०१३ मध्येही असेच वाटले होते. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी जाहीर केले होते की मशीनला दर चोवीस तासांनी एकदा नेटशी जोडावे लागेल आणि वापरलेल्या डिस्कवर बंधने असतील. खेळणाऱ्यांनी इतकी ओरड केली की जून २०१३ मध्ये, मशीन बाजारात यायच्या आधीच, कंपनीला दोन्ही अटी मागे घ्याव्या लागल्या. गिऱ्हाईक अडून बसले की कंपन्या ऐकतात, आणि डिस्क विकत घेत राहणे हा अडून बसायचाच एक प्रकार आहे असे मी मानतो.

डिस्कवाले लोक दुसऱ्या टोकाला जाऊन सांगतात की डिस्क आहे म्हणजे गेम कायमचा तुमचा. हे अर्धेच खरे आहे, आणि माझ्याच धंद्यातले लोक ते पूर्ण खरे म्हणून गळ्यात मारतात याची मला चीड येते. युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा गाड्यांचा गेम डिसेंबर २०१४ चा. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरशी जोडलेला होता. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि गेम संपला, डिजिटलवाल्यांचाही आणि डिस्कवाल्यांचाही. पुढे कंपनीने लोकांच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेतला. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' हा ऑनलाइन गोळीबाराचा गेम ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि दोन आठवड्यांत बंद झाला. पैसे परत मिळाले, डिस्क आता शोभेची. तेव्हा पेटीच्या मागे "इंटरनेट आवश्यक" असे लिहिले असेल तर डिस्क आणि डाउनलोड यांत टिकण्याच्या दृष्टीने काही फरक नाही. 'द क्रू' वरूनच रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम सुरू केली आणि युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. विकलेला गेम असा मारून टाकता कामा नये, किमान चालता ठेवायची सोय करून द्या, एवढीच ती मागणी आहे. मला ती शंभर टक्के रास्त वाटते.

जे गेम नेटशिवाय चालतात तिथे मात्र डिस्कचा फायदा खरा आणि मोठा आहे. 'स्पेक ऑप्स: द लाइन' हा गेम जानेवारी २०२४ मध्ये ऑनलाइन दुकानांतून काढला गेला, कारण परवान्यांची मुदत संपली. ज्यांनी आधी डाउनलोड घेतला होता त्यांचा राहिला, पण नव्या माणसाला डिजिटल विकत मिळेना. डिस्क मात्र जुन्या बाजारात हातोहात फिरते. तीच गत संपूर्ण दुकानांची होते. निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या मशीनची ऑनलाइन खरेदी २७ मार्च २०२३ ला बंद केली. एक्सबॉक्स ३६० चे स्टोअर २९ जुलै २०२४ ला बंद झाले. सोनीने २०२१ मध्ये जुन्या पीएस ३ आणि हातात धरून खेळायच्या व्हिटाचे स्टोअर बंद करायचे ठरवले होते, लोक खवळले म्हणून महिनाभरात निर्णय फिरवला. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तर २०१० च्या आधी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज कुठल्याही अधिकृत दुकानात विकत मिळत नाहीत. ते जिवंत आहेत ते कोणाच्या तरी कपाटातल्या डिस्कवर आणि जुन्या मशीनमध्ये खोचायच्या गेमच्या कार्ट्रिजवर.

आणि कायद्याने बघाल तर डिजिटलमध्ये तुम्ही गेम विकत घेतच नाही, वापरायचा परवाना घेता. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून दुकानांना हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगणे भाग पाडले. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे भरताना ती ओळ आता दिसते. आपल्याकडेही ती वाचून मगच पुढचे बटण दाबावे.

म्हणून जो गेम मुलांना मनापासून आवडेल, दहा वर्षांनी पुन्हा खेळावासा वाटेल, तो संपला तरी विकू नका. त्यातही पहिल्या दिवसाची डिस्क घ्यायची घाई नको. वर्षा-दीड वर्षाने बऱ्याचदा 'कम्प्लीट' किंवा 'गेम ऑफ द इयर' आवृत्ती येते. तिच्यात दुरुस्त्या आणि गेमला नंतर जोडलेले जादा भाग (डीएलसी) बहुधा डिस्कवरच असतात. 'डझ इट प्ले' नावाचा हौशी लोकांचा एक प्रकल्प आहे. ते डिस्क नेटशिवाय घालून गेम शेवटपर्यंत चालतो का ते तपासून यादी ठेवतात. ठेवणीतली डिस्क घ्यायच्या आधी तिथे बघावे.

वापरलेली डिस्क घेताना काय बघायचे ते नीट सांगतो, कारण इथेच पैसे बुडतात. डिस्क दिव्याखाली तिरकी धरा. बारीक केसांसारखे ओरखडे असतील तर घाबरू नका, पीएस ५ ची डिस्क ब्लू-रे प्रकारची असते आणि ब्लू-रेवर कडक लेप असतो. नख अडकेल असा एक जरी ओरखडा असेल तर परत द्या, आणि "पॉलिश करून देतो" म्हणणाऱ्याचे ऐकू नका. जुन्या सीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून १.२ मिलीमीटर आत असायचा, डीव्हीडीत ०.६. त्यामुळे पीएस १, पीएस २ च्या डिस्क घासून सुधारता यायच्या. ब्लू-रेमध्ये तो थर फक्त ०.१ मिलीमीटर आत असतो. घासायला मुळात काही शिल्लकच नाही. पॉलिशच्या मशीनवर लावली की लेप जातो आणि आज अडखळत चालणारी डिस्क उद्या अजिबात चालत नाही. मग मधले भोक बघा. पेटीतून डिस्क काढताना लोक मधली कळ न दाबता कडेने उपसतात, त्याने भोकाच्या कडेला तडा जातो. तो वाढत जातो, आणि तडा गेलेली डिस्क वेगाने फिरताना ड्राइव्हमध्ये फुटली तर दुरुस्तीला मशीनच माझ्याकडे येते.

पावसाळ्याचे वेगळे प्रकरण आहे. कोकणातून आणि मुंबईतून येणाऱ्या डिस्कवर पांढरे-करडे ठिपके असतात, ती बुरशी. वरवरची असेल तर मऊ मायक्रोफायबरने मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. पेटीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवली आणि डिस्क भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात ठेवली नाही, तर हा त्रास बराच टळतो. तुमच्याकडेही पाऊस कमी नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

परदेशातून डिस्क मागवणार असाल तर थांबा. दुबईचा मामा किंवा अमेरिकेतली आत्या येताना गेम आणते, तो पीएस ५ वर चालतोही, कारण डिस्कवर देशाचे कुलूप नसते. पण त्याच गेमला जोडायचा जादा भाग (डीएलसी) तुम्ही भारतीय अकाउंटवरून विकत घेतला तर तो अनेकदा त्या डिस्कला जुळत नाही. पेटीच्या कण्यावर किंवा डिस्कवर पीपीएसए ने सुरू होणारा क्रमांक असतो, पीएस ४ असेल तर सीयूएसए. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पेटीवरचा क्रमांक आणि मामाच्या पेटीवरचा क्रमांक सारखा असेल तर बिनधास्त. नसेल तर जे गेम एकाच डिस्कमध्ये पूर्ण आहेत तेवढेच मागवा.

डिजिटलची बाजू घेतो, कारण तुमच्या घरात तिचा एक खरा उपयोग आहे. मुलीने पुढे स्वतःचा पीएस ५ घेतला तर एकदा विकत घेतलेला डिजिटल गेम दोघांना खेळता येतो. गेम मुलीच्या अकाउंटवर घ्यायचे. घरच्या मशीनवर तिच्या अकाउंटमध्ये 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' हा पर्याय चालू ठेवायचा. मग घरी भाऊ स्वतःच्या अकाउंटवरून तो गेम खेळतो आणि हॉस्टेलवर ती स्वतःच्या अकाउंटवरून, अगदी एकाच वेळीसुद्धा. एका अकाउंटचा हा पर्याय एकाच पीएस ५ वर चालू राहतो, म्हणून तो घरच्या मशीनवरच ठेवायचा आणि हॉस्टेलवर नेट असेल तेव्हाच ती खेळणार हे गृहीत धरायचे. डिस्क एका वेळी एकाच ठिकाणी असते, तिथे हे जमत नाही. तेव्हा दोघांनाही हवा असलेला गेम नियम मोडून डिजिटल घ्या.

हीच सोय वापरून एक धंदा चालतो, त्यापासून मुलांना लांब ठेवा. इन्स्टाग्राम आणि टेलिग्रामवर "प्रायमरी" आणि "सेकंडरी" म्हणून नवे गेम चौथ्या हिश्श्यात मिळतात. विकणारा एक अकाउंट काढतो, त्यावर गेम घेतो आणि त्याचा लॉगिन दोन-तीन जणांना विकतो. तुम्हाला मिळतो तो दुसऱ्याचा पासवर्ड. सोनीच्या अटींत हे बसत नाही, आणि विकणाऱ्याने पासवर्ड बदलला की तुमचा गेम कुलपात. दाद मागायला पावतीही नसते. अशा अकाउंटवर महिनोन्महिने खेळून बसलेली मुले रडकुंडीला येऊन दुकानात येतात आणि मला काहीच करता येत नाही.

स्टोअरवरून घेताना आगाऊ बुकिंग करू नका. डिजिटलचा साठा संपत नाही, मग रांग कसली लावायची? प्लेस्टेशन स्टोअरवर चौदा दिवसांत पैसे परत मागता येतात, पण डाउनलोड सुरू केले की, गेम सदोष असल्याशिवाय, तो हक्क जातो. जुने गेम निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत सेलला लागतात, डिजिटल तेव्हा घ्यावे.

कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांसाठी यातले फारसे काही लागू नाही. तिथे डिस्क कधीच गेली. स्टीमवर नोव्हेंबर २०१५ पासून रुपयांत किमती आहेत, आणि चौदा दिवसांत, दोन तासांहून कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. गेम खरोखर स्वतःजवळ ठेवायचा असेल तर जीओजी या ऑनलाइन दुकानातून घ्या; तिथली इन्स्टॉलर फाइल हार्ड डिस्कवर उतरवून ठेवता येते आणि पुढे कोणाची परवानगी लागत नाही. निन्टेंडोच्या स्विच २ वाल्यांनी पेटीवर किल्लीचे चिन्ह आहे का बघावे. असेल तर कार्डावर गेम नाही, तो नेटवरून उतरवायचा आणि खेळताना कार्डही घालायचे. असे कार्ड पुढे विकता येते, पण जपून ठेवण्यासारखे त्यात काही नाही.

मशीन निवडताना शेवटची अडचण. डिजिटल स्लिमला नंतर वेगळा ड्राइव्ह जोडता येतो, म्हणून दुकानदार "आत्ता डिजिटल घ्या, पुढे लावा" असेही म्हणेल. वेगळा ड्राइव्ह शोधून आणण्यात दहा हजारांतली बचत बरीच संपते, म्हणून पहिल्यापासून लावलेलाच घ्या. आणि कोणी २०२०-२१ चा जुना जाड डिजिटल पीएस ५ स्वस्तात देत असेल तर त्याला ड्राइव्ह कधीच जोडता येत नाही, हे आधी कळलेले बरे. स्लिममधला ड्राइव्ह पहिल्यांदा चालू करताना मशीनशी जोडून घ्यायला इंटरनेट लागतेच, म्हणून पहिल्या दिवशी वाय-फाय तयार ठेवा आणि एखादी डिस्क घालून चालते ना ते मशीन बदलून मिळायची मुदत जायच्या आत बघा.

मुलांचे अकाउंट उघडताना देश भारत निवडा आणि जन्मतारीख खरी टाका. अकाउंटचा देश नंतर बदलता येत नाही. अमेरिकेचा टाकला तर डॉलरचे व्हाउचर शोधत फिरावे लागते. धाकट्याचे अकाउंट तुमच्या अकाउंटखाली मुलाचे म्हणून उघडा, आणि महिन्याच्या खर्चाची मर्यादा शून्य ठेवा. त्याला काही हवे झाले की तो तुमच्याकडे येऊन मागेल, तेव्हा हा गेम संपणारा आहे का एवढे त्याला विचारा.